सात टाके

‘पण यात चूक कुठं आहे, ते तरी सांगा की वस्ताद.’

प्रल्हादनं तिसऱ्यांदा विचारलं. दौलू वस्ताद पायाच्या अंगठ्यात पट्टा धरून आपलं काम करत राहिले.

दोघांच्या मध्ये पाटावर चामड्याची एक पिशवी होती. पलटणीच्या बँडात बॅगपाइप वाजवणारे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा घोळदार घागरा नेसतात. किल्टला खिसा नसतो, म्हणून कमरेला पुढच्या बाजूला अशी पिशवी बांधतात. स्कॉटलंडात तिला स्पोरन म्हणतात. तिकडून ती पलटणीत आली आणि पलटणीतून गडहिंग्लजच्या या बोळात, वस्तादांच्या हाती. चाळीस वर्षं झाली, भोवतालच्या गावांतले पेन्शनर पाइपवाले तिच्यासाठी याच दारात येत होते.

ही पिशवी मात्र नव्या चामड्याची नव्हती. त्या पाइपवाल्यांतलेच एक, हवालदार तातोबा नाईक, सामान घेऊन आले होते ते असं : वरातीच्या घोड्याचा जुना तुरा, पितळी डब्याचं झाकण आणि एक बूट.

बूट त्यांच्या मुलाचा, बापूचा. बापू सीमेवर कामी आला आणि त्याची ट्रंक तेवढी घरी आली. मग पुराचं पाणी घरात शिरलं. ट्रंकेतलं सगळं कुजलं, जोडीतला दुसरा बूटसुद्धा. येत्या सोमवारी गावच्या स्मारकापुढं तातोबा बॅगपाइप वाजवणार होते. छातीत दम राहिला नव्हता, पुन्हा वाजवणं होईल असं त्यांना वाटत नव्हतं. त्या दिवशी त्यांना तो बूट कमरेला हवा होता.

काम प्रल्हाद व्हटकरनं हट्टानं मागून घेतलं. तो चेन्नईला चामड्याचं शिक्षण घेऊन वस्तादांकडं कामाला आलेला. हात बारीक, नजर त्याहून बारीक. हाताला अक्कल होती, आणि ती असल्याची बातमीही हाताला होती. ही पिशवी झाली की तो स्वतःचं दुकान टाकणार होता. पाहणाऱ्यानं लांबूनच म्हणावं, हे काम प्रल्हादचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

त्यानं बुटाच्या सुरकुत्या दाबून काढल्या होत्या. इंचाला बारा टाके घातले होते. वस्तादांनी उभ्या जन्मात इतके बारीक टाके घातले नव्हते, हे त्यानं तोंडानं म्हटलं नाही, इतकंच.

वस्तादांनी हात पुसले. पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

‘ओढ.’

प्रल्हाद हसला. त्यानं पिशवीची वरची झडप चिमटीत धरली आणि ओढली.

पोस्टाचं तिकीट कागदावरून फाटावं तशी झडप टाक्यांच्या रेघेवर सरळ फाटून हातात आली.

‘जुनं चामडं हाय,’ वस्ताद म्हणाले. ‘त्येला किती भोसकशील...’

प्रल्हादनं झडप पिशवीला लावून पाहिली. फाटलेली झडप आता आखूड पडत होती, पुन्हा शिवायला कड उरली नव्हती. दुकानात चामड्याला तोटा नव्हता, पण बापूचं चामडं एवढंच होतं. आणि सोमवार चार दिवसांवर आला होता.

वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या चामड्याच्या टोपलीत हात घालून त्यांनी एक तुकडा काढला आणि झडपेला जोड म्हणून पाटावर ठेवला.

तो तुकडा प्रल्हादनंच पहिल्या दिवशी कापून फेकला होता. बुटाची बगल कधीतरी उसवली होती आणि कुणीतरी ती सात टाके घालून जोडली होती. दोरा पुरात कुजून गेलेला. कडेला राहिली होती फक्त भोकं, बोटबोट अंतरावर, एक वर तर एक खाली.

‘याला सात भोकं आहेत, वस्ताद. कुणी अडाण्यानं दाभण खुपसलंय.’

‘हायत.’

‘मेणानं बुजवतो. वरून रंग दिला की कळणार नाही.’

‘बुजवू नगंस. त्यातनंच शिव.’

प्रल्हादला ते फार लागलं. चूक झाली हे खरं, पण तिची शिक्षा म्हणून दुसऱ्याच्या वाकड्या भोकांतून सुई घालायची? तरी तो बसला. तातोबांचा चेहरा आठवला, म्हणून बसला.

पहिल्याच भोकात सुई अडली. त्यानं जोर केला, तर चामड्याची कड भुसभुशीत होऊ लागली. त्यानं हात थांबवला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडली.

वस्ताद पाहत होते. ते जवळ आले, खाली बसले. त्यांनी प्रल्हादच्या उजव्या हातातली सुई काढून घेतली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.



ज्या हातानं कधी साधं बटण लावलं नव्हतं त्या हातात आता सुई होती. प्रल्हादला वाटलं, वस्ताद आपली थट्टा करताहेत.

पण सुई आत गेली. वाट ठाऊक असल्यासारखी गेली. सातही भोकं एकाच अंगानं तिरकी होती, उजव्या हाताला न जमणारी.

सात टाक्यांना त्याचा सबंध दिवस गेला. चौथ्या टाक्याला त्याला एकाएकी भीती वाटली, कुणाच्या तरी राखलेल्या जागेवर आपण येऊन बसलोय अशी. पाचव्याला भीती गेली. सहावा त्यानं फार हळू घातला.

रविवारी दुपारी तातोबा आले. घोड्याच्या तुऱ्याच्या केसांचे, पुढं लोंबणारे काळेभोर गोंडे त्यांनी पाहिले नाहीत, लखलखणारं पितळ पाहिलं नाही. त्यांचा अंगठा झडपेच्या कडेवरून फिरला. एक... दोन... तीन...

सातवर थांबला.

‘ह्ये त्येनं घातल्यालं,’ ते म्हणाले. ‘शेवटच्या सुट्टीत, पायरीवर बसून. मी म्हटलं, दौलूकडं दे. म्हणला, माझा बूट मीच शिवणार, आबा.’

त्यांचा अंगठा पुन्हा पहिल्या टाक्याकडं गेला.

‘डावखुरा हुता माझा बापू.’

त्यांनी पिशवी कमरेला बांधली, पट्टा ओढून घेतला आणि ताठ उभे राहिले. मग तसेच पायऱ्या उतरून गेले. कुणी शिवली, हे विचारायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

प्रल्हाद दारात उभा राहून ते बोळाच्या वळणाशी दिसेनासे होईपर्यंत पाहत होता. मग आत आला. डाव्या हाताची बोटं अजून दुखत होती.

‘वस्ताद, चामडं त्याचं. भोकं त्याची. हातसुद्धा मी त्याचाच चालवला...’

वस्ताद पट्टा घोटत होते.

‘मग त्यात माझं काय राहिलं?’

वस्तादांनी मान वर केली नाही.

‘दोरा.’