गाडीवानाने गाडी आडवी लावली

एकीकडे तळं, दुसरीकडे भुसभुशीत मातीचा माळ आणि मधून गाड्यांचा वाहता रस्ता, अशा एका गावात एक गाडीवान राहत होता. तसे गाडीवान त्या गावात घरटी एक होते, पण हा सगळ्यांचा म्होरक्या. दसऱ्याआधीच्या मोठ्या बाजारात ज्या गावाची गाडी पहिली शिरेल, तिच्या बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधायच्या, अशी तिथली रीत होती. सलग सात वर्षं त्या माळा याच गाडीवानाच्या बैलांनी मिरवल्या होत्या. त्यावरून गावातली पोरं शेजारच्या गावाला चिडवायची आणि मोठी माणसं मिशीतल्या मिशीत हसायची.

गाव मोठं भाविक. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव होतं, त्याला हात लावल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. त्यामुळे रस्त्यात खरंखुरं कासव दिसलं की जो तो थांबायचा, त्याला उचलून कपाळाला लावायचा आणि तळ्यात सोडून यायचा. कासवाची जागा पाण्यात, हे तर शेंबडं पोरही सांगेल!

बाजाराच्या आधीच्या चार दिवसांत गाडीवानाने एकच कासव चार वेळा तळ्यात सोडलं होतं. त्याच्या पाठीचा कडेला टवका उडालेला होता, म्हणून ते ओळखू यायचं. रोज न मागता पुण्य पदरात पडतंय म्हटल्यावर स्वारी खूश होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी गावाच्या वीस गाड्या निघाल्या. सर्वांत पुढे आपला गाडीवान. त्याच्या गाडीत मडक्यांना धरून एक म्हातारी कुंभारीण बसली होती. मागून शेजारच्या गावाच्या गाड्याही धूळ उडवत येत होत्या. तळ्यापाशी येतात तोच ते टवका उडालेलं कासव पुन्हा रस्त्यात! गाडीवानाने कासरा ओढला, खाली उडी मारली, कासव उचललं आणि तो तळ्याकडे वळला.

"कुठं नेतोस तिला?" कुंभारणीने विचारलं.

"तिच्या घरी, मावशी. पाण्यात."

"तिचं तोंड कुणीकडं होतं?"

"माळाकडं."

"मग तिला माळावर जायचंय, बाबा. मऊ मातीत खड्डा करून अंडी घालतात ती. मी तिथंच माती खणते, दर वर्षी बघते. तू तिला माघारी धाडतोस आणि ती पुन्हा चालत येते. तुझ्या पुण्यापायी बिचारी आज पाचव्यांदा चाकांपुढं आलीय!"

गाडीवानाचा चेहरा खर्रकन उतरला. दर वर्षी या दिवसांत रस्त्याच्या कडेला कासवांच्या फुटलेल्या पाठी दिसायच्या. त्या का दिसायच्या, ते त्याला आज कळलं. त्याने दोन्ही हातांनी कासवाच्या कडा नीट धरल्या, रस्ता ओलांडला आणि त्याला माळाकडे तोंड करून अलगद ठेवलं.

मागे वळून बघतो तर तळ्याच्या गवतातून आणखी कासवं रस्त्यावर येत होती. एक, दोन, पाच, चांगली दहा! एकेकाला उचलून नेईपर्यंत मागच्या गाड्या त्यांच्या अंगावर आल्या असत्या. गाडीवानाने क्षणभर विचार केला आणि आपली गाडी रस्त्यात आडवी लावली. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

शेजारच्या गावाचा म्होरक्या ओरडत पुढे आला. "वा रे वा! वाट अडवून माळा राखायच्या होय? सात वर्षं अशाच मिळवल्यास वाटतं!"

हे बोलणं गाडीवानाला फार लागलं. गावाच्या नावाला बट्टा लागतोय, हे त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "कासवं पार होऊ दे. मग तुमच्या सगळ्या गाड्या माझ्यापुढं काढा. माझी गाडी शेवटची."

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" त्याचेच गाववाले म्हणाले. "सात वर्षांचा मान घालवतोस!"

"मान गेला तर पुन्हा मिळवू," गाडीवान म्हणाला. "चाकाखाली गेलेलं कासव पुन्हा कुठून आणू?"

आता कासवंच ती, घाई त्यांच्या गावीही नव्हती. एक तर ऐन मध्यावर मान आत ओढून बसलं. शेजारचा म्होरक्या थोडा वेळ धुसफुसला, मग स्वतःच त्याच्यापाशी गेला. "हे कुणीकडं निघालं होतं?" त्याने विचारलं. गाडीवानाने माळाकडे बोट दाखवलं. म्होरक्याने कासव जपून पलीकडे नेऊन ठेवलं आणि हात झटकत गाडीवर जाऊन बसला.

शेवटचं कासव माळावर चढलं, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. शेजारच्या गावाच्या गाड्या पुढे गेल्या आणि माळा त्यांना मिळाल्या. आपला गाडीवान सगळ्यांच्या मागून बाजारात शिरला, तशी तिथली टवाळ पोरं ओरडली, "आला, आला! शेवटून पहिला आला!"

म्हातारी कुंभारीण गाडीत ताडकन उभी राहिली. "होय, आला शेवटून पहिला! पण अकरा आयांना वाट देऊन आलाय आमचा गाडीवान! तुमच्यात आहे का कुणी असा?"

पोरं बैलांना वाट देत बाजूला सरली. आणि ज्या गाववाल्यांनी गाडीवानाला वेड्यात काढलं होतं, तेच आता छाती फुगवून त्याच्या गाडीमागून चालू लागले. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या मोकळ्या शिंगांच्या बैलांइतकी देखणी जोडी साऱ्या बाजारात नव्हती.

पुढल्या वर्षी शेजारचं गाव लवकर निघालं आणि कितीतरी पुढे गेलं. आता आपला नंबर लागत नाही, असं म्हणत आपल्या गाडीवानाचे गाववाले तळ्यापाशी आले. पाहतात तर शेजारच्या म्होरक्याची गाडी रस्त्यात आडवी! म्होरक्या धुळीत उकिडवा बसला होता. यांना बघताच त्याने हात वर केला आणि म्हणाला, "थांबा जरा. अजून दोन यायचीत."

तेव्हापासून त्या बाजारात एक नवी रीत पडली. पहिली गाडी कुठल्याही गावाची असो, माळा बांधणारा आधी विचारतो, "कासवं गेली का?"

तात्पर्य काय, तर मदत करायला हात पुढे करण्याआधी ज्याला मदत हवी त्याचं तोंड कुणीकडे आहे ते पाहावं. आणि त्याच्यासाठी थांबावं लागलं, तर मान ताठ ठेवून थांबावं.