झुबकीच्या पुरलेल्या शेंगा

माणसानं पहिला खिसा शिवला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. ओढ्याकाठी झुबकी नावाची एक खार राहायची. एका सुगीला तिला भुईमुगाच्या टोपलीभर शेंगा मिळाल्या आणि ती लगबगीनं खड्डा खणायला लागली.

शेजारची साळूमावशी, म्हणजे काटेवाली साळिंदर, म्हणाली, "अगं, थोड्या पेर. आणि मूठभर कासवांना दे. ओढ्यातला गाळ तेच काढतात ना!"

"छे बाई! पेरायच्या म्हणजे हातच्या घालवायच्या. आणि कासवांना कशाला? मी काय घागरभर पाणी पिते? सगळ्या पुरून टाकते. पुरलं की पुरतं!"

उन्हाळ्यात झुबकीनं खड्डा उकरला. अर्ध्या शेंगा किडीनं पोखरलेल्या, बाकीच्या बुरशीनं काळ्या पडलेल्या. ती रडवेली होऊन मावशीकडे धावली. "मावशी, सगळं पुरलं होतं गं, पण पुरलं नाही!"

साळूमावशी इतकी हसली, की तिचे काटे खुळखुळले. ओढ्याला अजून पाणी होतं आणि त्या पाण्यावर तिचा भुईमूग लगडला होता. तिनं झुबकीची ओंजळ शेंगांनी भरली.

पुढच्या सुगीला झुबकीनं कासवांची मूठ आधी काढली, तोंड जरा वाकडं करूनच. मग थोड्या शेंगा खाल्ल्या, बऱ्याचशा पेरल्या आणि अडीनडीला चार पुरल्याही. खारच ती, त्याशिवाय झोप कुठली!

उन्हाळ्यात मावशीनं विचारलं, "काय गं, पुरल्या का शेंगा?"

"पुरल्या मावशी," झुबकी शेपटी फुलवून म्हणाली, "आणि पुरून उरल्या!"