उघड्या डोक्याचा दरबार

"जो दरबाराच्या पायऱ्या चढेल तो समाजात, न चढेल तो समाजाबाहेर!" आजारी नि अपंग माणसांचा समाजातला वावर मोजायला दिवाण त्र्यंबकपंतांनी हे माप शोधून काढलं. बाहेर ठरतील त्यांनी पेठेतली घरं सोडायची. ती घरं पंतांच्या मेव्हण्याला हवी होती, हा आपला निव्वळ योगायोग!

पगड्या बांधून देणारी म्हाळसा पहिल्याच फटक्यात बाहेर ठरली. तिचे गुडघे संधिवातानं कधीचेच आखडलेले. या वयात जायला दुसरं ठिकाण नव्हतं. तरी तिनं महाराजांना निरोप धाडला, "दरबारात मी नसते असं कोण म्हणतं? रोज असते!"

महाराज हट्टी. त्यांनी उलट निरोप दिला, "असं? मग घराचा उंबरा न ओलांडता दसऱ्याच्या दरबाराला हजर राहून दाखव! नाहीतर घर रिकामं कर!"

"वा! काय डोकं चालतं महाराजांचं!" म्हाळसा म्हणाली. डोक्याचं नाव निघालं नि तिची नजर कोपऱ्यात गेली. दसऱ्यासाठी साऱ्या दरबारानं पगड्या बांधायला दिलेली कापडं तिथं पडली होती. तिनं दाराला कडी घातली.

दसरा उजाडला. उघड्या डोक्यानं दरबारात पाऊल टाकायचं नाही, हा तिथला रिवाज. सरदार बाहेरच ताटकळले. एकानं बायकोचा शालू गुंडाळला, तो मुजरा करतानाच सुटला. आत हजर कोण? खांब!

शेवटी महाराजांचीच पालखी म्हाळसाच्या दारी आली. महाराजांचे पाय वातानं सुजलेले, डोक्याला पंचा. मागोमाग पंत.

"म्हाळसा, पगड्या कुठं आहेत?"

"कापडं घडी करून ठेवलीत, महाराज. समाजाबाहेरच्या बाईनं समाजाच्या पगड्या कशा बांधाव्यात?"

"पण तू दरबारात आलीसच कधी?" पंत ओरडले.

"रोज येत होते की, तुमच्या डोक्यावर बसून! आज आले नाही. मोजा आता, आत किती जण आहेत!" मग ती महाराजांकडे वळली. "आणि पायऱ्यांचंच माप लावायचं, तर पालखीतून वर जाणारे आपण आत की बाहेर?"

पंतांचा चेहरा पडला. महाराजांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं नि असे हसले, की डोक्यावरचा पंचा खाली पडला.

"पंत, मीही बाहेरच! आता मेव्हण्याला माझा राजवाडा देता का?"

सगळ्यांची घरं राहिली. म्हाळसाला सोन्याचं कडं मिळालं, दरबाराच्या पायऱ्या फोडून तिथं उतार झाला, आणि त्याचे दगड वाहायला पंतांच्या मेव्हण्याला नेमलं!