हौसाच्या पायाचं माप

एक होता राजा. राजाचं नंतर बघू. त्याच्या राज्यात एक वहाणा शिवणारा होता, गोष्ट त्याची आहे. नाव सुबाना. पांघरुणं घ्या. मधे कुणी बोलायचं नाही.

सुबाना राहायचा उंबरठाणला. गाव डोंगरावर. हात असा की माणूस म्हातारा व्हायचा, वहाण तशीच. त्याचा एक नेम होता. पाय समोर आल्याशिवाय तो कातड्याला रापी लावत नसे. रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार, बरं का. पाय कातड्यावर ठेवायचा, कोळशानं भोवती रेघ मारायची, मगच कापायचं. गेल्या वर्षीचं मापही चालायचं नाही. "पाय बदलतो," म्हणायचा. एकदा पाटलानं गडी पाठवला. म्हणाला, माप गड्याच्या पायाचंच घे. सुबाना म्हणाला, "मग वहाणा गड्यानंच घालाव्यात." असा माणूस.

त्याला एकच लेक. हौसा. तिला दिली होती पैलकड्याला. पैलकडा समोरच्या डोंगरावर. अंगणातून दिसायचा. संध्याकाळी तिथल्या चुलींचा धूर निघायचा. सुबानाची बायको गिरजा रोज बघायची आणि म्हणायची, "तो तिसरा धूर आपल्या हौसाचा."

सुबाना म्हणायचा, "धुरावर नाव लिहिलेलं असतं का?"

पण बघायचा तोही.

दिसायला जवळ, जायला बारा कोस. आधी दोन कोस दगडी पायऱ्या उतरायच्या. मग आठ कोस राजाचा रस्ता. घोटीव दगडांचा, तळहातासारखा सपाट. राजाची बग्गी धावावी म्हणून केलेला. दुसऱ्या कुणाच्या गाडीला त्यावर बंदी. पायी जा हवं तेवढं. मग पुन्हा दोन कोस पायऱ्या, चढायच्या. पायऱ्यांवर बैल चालत नाही, रस्त्यावर गाडी चालत नाही. माणसानं करायचं काय?

मग आली पंचमी. पंचमीला लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला जातो तो मुराळी. हौसाला भाऊ नव्हता. म्हणून बापच मुराळी झाला. पहाटे निघाला, दिवस बुडताना पोचला. दारात विहीणबाई.

"या. पाणी घ्या," विहीणबाई म्हणाली. "पण लेक न्यायची तर आमची रीत ऐका. आमच्या सुनेची रात्र वाटेवर पडत नाही. ज्या दिवशी न्याल, त्याच दिवशी तुमच्या घरचा दिवा तिनं लावला पाहिजे."

"बारा कोस आहेत, विहीणबाई."

"कोस मी नाही मोजलेत. आणखी एक. तीन पंचम्या आम्ही वाट बघतो. तिसरीलाही जमलं नाही, तर माहेर मिटलं. मग तिनं त्या गावाचं नाव काढायचं नाही."

जावई गरीब. आईपुढं त्याचा शब्द निघत नसे. हौसा आतल्या दाराशी उभी होती. म्हणाली, "आबा, आईला सांगा, मी बरी आहे." तेवढंच.

सुबाना दुसऱ्या दिवशी माघारी आला. गिरजा भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी. लेकीवरून ओवाळायला. तिनं सुबानाच्या मागं बघितलं. मग आणखी मागं बघितलं. मग तुकडा कुत्र्याला घातला आणि आत गेली.

सुबाना रडला नाही. कामाला बसला.

त्यानं सुताराकडून बाभळीची चाकं करून आणली. सुपारीहून मोठी, लाडवाहून लहान. वहाणेच्या तळाला पक्की ठोकली. अंगणात उभा राहिला. सुर्र करून कुंपणापर्यंत गेला. गिरजा म्हणाली, "अगं बाई!" मग तो पायऱ्यांशी गेला. पहिल्याच पायरीवरून जो घसरला, तो सातव्या पायरीवर थांबला. गुडघे फुटले.

मग त्यानं दुसरा जोड केला. चाकं वेगळी, पिशवीत. रस्ता आला की वादीनं पायाला बांधायची. वादी म्हणजे चामड्याची दोरी. करून बघायला रस्त्यापर्यंत गेला. बांधता बांधता सावली हातभर सरकली. थोडं गेला, तर एक गाठ सुटली. ती बांधली, तर दुसरी सुटली. चाक गडगडत ओढ्यात गेलं. सुबाना एका पायानं लंगडत घरी आला.

त्याच्या घरात एक मांजर होती. भुरी. ती चुलीच्या उबेला पडली होती. तिनं एक डोळा उघडला आणि बोलली. हो, बोलली. तेव्हा बोलायच्या.

"सुबाना, दिवसभर किती ठोकतोस! झोप नाही लागत."

"मग उंदीर धर."

"उंदीर कशानं धरते मी?"

"नखांनी."

"आणि चालते तेव्हा ती वाजतात का?"

"नाही."

"मग काय पिशवीत काढून ठेवते?"

"नाही."

"मग कुठं जातात?"

सुबानानं तिचा पंजा हातात घेतला. हळूच दाबला. नखं बाहेर आली. सोडला. नखं आत गेली. तो किती तरी वेळ दाबत बसला आणि सोडत बसला. शेवटी भुरीनं त्याला ओरबाडलं, वाटीभर साय खाल्ली, आणि जन्मात पुन्हा बोलली नाही.

मग त्यानं तिसरा जोड केला. तळ जाड, चार पदरी. त्यात खोबण कोरली. खोबणीत चाकं. चाकांच्या वर म्हशीच्या शिंगाची लवचीक पट्टी. वादी घोट्याशी आणलेली. वादी ओढून अडकवली की चाकं खाली. सोडली की शिंग त्यांना आत ओढून घ्यायचं. चाकं आत, की साधी वहाण. चाला, चढा, उतरा. चाकं बाहेर, की वारा.

गिरजा म्हणाली, "अहो, दोन जोड करा."

"दोन कशाला?"

"हौसाला नको?"

"तिचं माप कुठाय माझ्याकडं?"

"लग्नातलं आहे की."

"ते जुनं झालं. पाय बदलतो."

"मेलं ते माप! अंदाजानं करा."

सुबानानं रापी खाली ठेवली. "अंदाजानं भाकरी करतात. वहाण नाही."

ऐकलं नाही त्यानं. अडाणी माणूस एक वेळ ऐकतो. कसबी माणूस ऐकत नाही.

दुसरी पंचमी आली. सुबाना पहाटे निघाला. पायऱ्या उतरला, वादी ओढली, आणि सुटला. चौकीवरचा शिपाई पेंगत होता. त्याला वाटलं, वारा गेला. दिवस दोन कासरे वर येतो न येतो, सुबाना पैलकड्याला हजर. विहीणबाई सडा घालत होती. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आलात? एवढ्या सकाळी?"

"आलो. लेक न्यायला." सुबानानं वादी ओढून चाकं दाखवली.

"न्या की. शब्द दिलाय. पण तुमच्या पायाला चाकं. ती काय उडत येणार?"

सुबानानं आपल्या वहाणा काढून हौसापुढं ठेवल्या. हौसानं पाय घातला. होडीत काडी ठेवावी तसा दिसला. दोन पावलं टाकली, वहाणा मागंच राहिल्या. हौसा हसली. मग हसू थांबलं. म्हणाली, "आबा, आईनं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," सुबाना म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून कातडं काढलं. अंगणात पसरलं. हौसानं पाय ठेवला. तो खाली बसला. कोळशानं टाचेपासून रेघ ओढायला लागला. आयुष्यात इतक्या सावकाश त्यानं माप घेतलं नव्हतं. करंगळीशी आला तेव्हा त्याचा हात थांबला. हौसा म्हणाली, "आबा, गुदगुल्या होतात." मग दुसरा पाय. मग संपलं. त्यानं गुंडाळी केली, काखेत मारली आणि निघाला. त्या वर्षी लेकीतलं तेवढंच त्याला घरी आणता आलं.

गिरजा उंबऱ्यात होती. त्यानं कातडं तिच्या हातात दिलं. ती एक शब्द टोचून बोलली नाही. ते भिंतीवर टांगलं. ओवाळलं. पावलांना कुंकू लावलं.

आता नीट ऐका. ते कातडं साधं राहिलं नाही. हौसा तिकडं भातलावणीला चिखलात उतरली, की इकडं कातडं ओलं व्हायचं. ती उन्हात गवत कापायला गेली, की कातडं तापायचं. गिरजा सकाळी उठून हात लावायची. "आज गार आहे. पाण्याला गेली असेल." सुबाना म्हणायचा, "काम कर." आणि ती परड्यात गेली की आपला हात लावायचा.

पण थंडी सरली आणि एक दिवस सुबानाला दिसलं, रेघ आत आलीय. एक सूतभर. महिन्यानं आणखी सूतभर. पाय बारीक होत होता.

"खात नाही ती," गिरजा म्हणाली. "झुरते. रोज मोजत असेल, पंचमी किती लांब."

सुबानानं लगेच रापी घेतली. मग ठेवली. आज कापावं, तर उद्या रेघ हलणार. उद्या कापावं, तर परवा हलणार. दिवस गेले. पाऊस आला. पंचमी उद्यावर आली. रेघ हलायची थांबली नाही. नेम पाळावा तर वहाण नाही. वहाण नाही तर लेक नाही.

मग सुबानानं आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडला. रेघेच्या बाहेरून कापलं, एक बोट सोडून. पट्टा वीतभर लांब ठेवला आणि त्याला सात भोकं पाडली. घट्ट करा, सैल करा. पाय बदलतो म्हणून माप घ्यायचं, हे त्याला ठाऊक होतं. पाय बदलला तरी वहाण निघू नये, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तिसरी पंचमी. टाके घालता घालता उजाडलं, म्हणून सुबाना दुपारी पोचला. हौसा दारातच होती, वेणी घालून, बोचकं काखेत. त्यानं वहाणा पुढं ठेवल्या. तिनं पाय घातले. सैल झाल्या. पट्टा ओढला, सहाव्या भोकावर बसला. विहीणबाई वाकून बघत होती.

"चालून दाखव," ती म्हणाली. हौसा चालली. विहीणबाई पुढं आली, हौसाच्या बोचक्यात पाच लाडू कोंबले आणि म्हणाली, "दिवा लागला पाहिजे हं. मी बघणार आहे इथून."

दोघं पायऱ्या उतरली. वादी ओढली. हौसा पहिल्या पावकोसात तीनदा पडली. तिन्ही वेळा हसली. मग पडायची थांबली, आणि मग बापाच्याच पुढं गेली.

"आबा, या की!"

"येतोय. ओरडू नको."

अशी दोघं चालली होती, तोच चौकी आली. या वेळी शिपाई जागा. त्यानं काठी आडवी धरली.

"थांबा! गाडीला बंदी आहे."

"गाडी कुठाय?" सुबाना म्हणाला.

"चाक असलं की गाडी. पायाखाली चाकं आहेत तुमच्या."

सुबानानं वादी सोडली. हौसानं सोडली. चाकं आत. "दाखव चाक," सुबाना म्हणाला.

शिपाई वाकला. सुबानाभोवती फिरला. हौसाभोवती फिरला. डोकं खाजवलं. दिवस कलत होता. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "शिपाईमामा, तीन वर्षांत आई बघितली नाही. दिवा लावायला घरी पोचायचंय."

शिपायाची काठी खाली आली. तो रस्त्याकडं बघायला लागला, लांब. म्हणाला, "माझी लेक नदीपल्याड दिलीय." मग म्हणाला, "म्हाताऱ्या, तिचं माप आणून दिलं तर?"

"पाय समोर..." सुबाना बोलायला लागला, आणि थांबला. "आण. पट्टा लांब ठेवीन."

काठी बाजूला झाली. दोघं सुटली. पायऱ्यांशी आली. चाकं आत, वहाणा साध्या, आता नुसता चढ. सूर्य डोंगराला टेकला. अर्धा गेला. सगळा गेला. उंबरठाणला घरोघर दिवे लागायला लागले. एकच घर अंधारात. गिरजा उंबऱ्यात उभी, एका हातात भाकरतुकडा, एका हातात तेल घातलेली पणती. पेटवली नव्हती. शेजारीण म्हणाली, "लाव गं आता, वेळ टळली." गिरजा म्हणाली, "माझी नाही टळली."

आणि वहाणा वाजल्या. करकर करकर. नव्या कातड्याच्या. गिरजानं सुबानाच्या मागं बघितलं नाही. हौसा पुढंच होती.

गिरजानं तुकडा ओवाळून टाकला. हौसानं वहाणा काढल्या, आत गेली, चुलीतून काडी पेटवून आणली आणि पणती लावली. समोरच्या डोंगरावर विहीणबाई उभी होती. तिला उंबरठाणला एक दिवा उशिरा लागलेला दिसला. दिव्यावर नाव लिहिलेलं नसतं. पण तिला कळलं. "पोचली," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

हौसा महिनाभर राहिली. पट्टा सहाव्या भोकावरून दुसऱ्यावर आला. सासरी गेली, पण पुढच्या पंचमीला आली. त्याच्या पुढच्याही. शिपायाची लेक आली. कुंभाराची आली. ज्याची लेक लांब, तो माप घेऊन सुबानाकडं यायचा.

राजाचं राहिलं. राजानंही माणूस पाठवला, चाकांच्या वहाणा मला हव्यात म्हणून. सुबाना म्हणाला, "रांगेत बसा. आधी लेकींच्या." राजा बसला म्हणतात. कधी मिळाल्या, मला माहीत नाही.

सगळी सुखानं राहिली. संपलं. आता भुरी नखं घेते तसे हात-पाय आत घ्या. डोळे मिटा. दिवा मी बघतो.