बुधीमायची बोली

“एकही शब्द राहिला नाही ना, माय?”

मंजिरी उकिडवेने जाडजूड शब्दकोश बुधीमायच्या मांडीवर ठेवला होता.

चौदा वर्षं ती सातपुड्यातल्या या पाड्यावर येत होती. बुधीमाय बोलायची, मंजिरी लिहून घ्यायची. ती बोली बोलणारं बुधीमायशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

अकरा हजार शब्द झाले होते. या कामासाठी विद्यापीठाने आपल्या माजी विद्यार्थ्यांमधून मंजिरीला यंदाच्या सन्मानासाठी निवडलं होतं. आज चारला सत्कार. बुधीमायला व्यासपीठावर शेजारी बसवायचं, म्हणून ती सकाळीच गाडी घेऊन आली होती.

म्हातारीने पानांवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं.

“सगळे शब्द आहेत म्हणतेस?”

“सगळे. तूच तर दिलेस.”

“मग भांड माझ्याशी. आमच्या बोलीत.”

मंजिरीला हसू आलं. बुधीमाय मात्र हसली नाही.

“माझी रेमती जाऊन नऊ वर्षं झाली. सख्खी बहीण, पण काय तोंड होतं तिचं! ती गेली नि मला त्या बोलीत कुणी रागावलंच नाही... येतात ते विचारतात, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. भांडत कुणी नाही.”

मंजिरीने घसा खाकरला. मनात शब्द जुळवले, क्रियापद तपासून घेतलं. मग त्या बोलीत म्हणाली, “तू माझी कोंबडी चोरलीस.”

“बरोबर आहे,” बुधीमाय म्हणाली.

आणि दाराबाहेर बघत राहिली...

ड्रायव्हर डोकावला. “मॅडम, घाट उतरायलाच दोन तास जातील.”

“चल, माय.”

“मी नाही येत.”

“असं काय करतेस? नवं लुगडं आणलंय तुला. कुलगुरू तुझं नाव घेणार आहेत.”

“तिथं माझ्याशी कोण बोलेल?”

“मी आहे ना!”

“तू लिहून घेशील.”

मंजिरी उठली. उंबऱ्यापर्यंत गेली.

वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही ती इथेच येत राहिली होती. आता वडील नव्हते. आज त्या सभागृहात टाळ्या पुष्कळ वाजणार होत्या, पण पहिल्या रांगेत तिचं म्हणावं असं कुणीच बसणार नव्हतं.

ती गर्रकन वळली.

“एवढ्या लोकांत मी एकटीच उभी राहू? चौदा वर्षं तुझ्या दारात घातली मी! एवढंही होत नाही तुझ्याच्यानं? हट्टी कुठली!”

आवाज चिरकला. शब्द एकमेकांवर आदळले, काही अर्धेच राहिले.

आपण कोणत्या बोलीत ओरडलो, हे तिला गप्प झाल्यावर कळलं.

बुधीमायच्या मांडीवरून कोश खाली घसरला. तिने तो उचलला नाही. तिचे डोळे डबडबले होते.

बाहेर हॉर्न वाजला... मग आणखी एकदा वाजला.

मंजिरी जागची हलली नाही.

बुधीमाय खाटेवर जरा सरकली. तिने शेजारची जागा हाताने झटकली.

“चुकलं,” ती म्हणाली. “पुन्हा म्हण.”