अस्वलाच्या पंजाचं माप

जंगलाचा स्वतःचा वाद्यवृंद होता, त्या काळची ही गोष्ट. त्यात बास गिटार वाजवणारं म्हातारं अस्वल वारलं. तेराव्याला त्याचीच धून वाजवायची असं ठरलं.

वाजवणारा निवडायला वानर पुढे आला. अस्वलाच्या दाराशी त्याच्या पंजाचा ठसा चिखलात वाळून राहिला होता. "ज्याचा हात हा ठसा भरेल, तोच गिटार वाजवेल," वानर म्हणाला. त्याची अस्वलीण दारात मान खाली घालून बसली होती.

वाद्यवृंदात झांजा वाजवणाऱ्या माकडिणीने हात ठेवला. निम्मा ठसाही भरला नाही. सगळे हसले.

"बाई, तू आपली झांजा वाजव."

"दादा, सात वर्षं मी त्यांच्याशेजारी बसून शिकलेय. एकदा ऐका तरी!"

"ऐकायचं काय त्यात? हात दिसतोय ना!" वानर ठशावर हात टेकून म्हणाला.

माकडीण संतापली. तिने गिटार वानरासमोर धरली. "ही दांडी मागून बघा, टोकापासून टोकापर्यंत गुळगुळीत झालीय. अस्वलबाबांचा पंजा रुंद होता, पण बोटं आखूड. दांडीवरच्या चार पडद्यांवर एका वेळी त्यांचीही बोटं पोचत नव्हती. ते बोटं ताणत नसत, सगळा हात सरकवत. इतकी वर्षं समोर बसलात आणि त्यांचा हात एकदाही पाहिला नाहीत? आता त्यांच्याच नावाने मापं काढता?"

ती तिथेच बसली आणि वाजवू लागली. छोटा हात दांडीवरून सरकत राहिला, खर्जाचे सूर जमिनीतून आल्यासारखे उमटले.

अस्वलिणीने तेव्हा प्रथमच मान वर केली.

"वानरभाऊ," ती म्हणाली, "त्या ठशावरून हात काढा. तो मी मापासाठी जपला नव्हता."