जुईच्या दारी खेकडा

त्या राज्यात वेलीची पत तिच्या लांबीवर ठरत असे. वेल एकदा झाडावर चढली की तिला कुणी नख लावायचं नाही. आधाराचं झाडच कोसळलं, तर मात्र दुसऱ्या दिवशी ओढ्यातला खेकडा यायचा, तिला मुळापासून वीतभर ठेवून कापायचा, आणि पुढेही दर माघात येऊन तिचे नवे फुटवे खुडून जायचा. खेकड्यावर कुणाचा राग नव्हता. रीत होती.

शेवग्यावरची जुई साऱ्या राज्यात लांब. पार शेंड्याला पोचून ती चहूकडे पसरली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या खारी मान वर करून शेवग्याचं भाग्य वाखाणत. पण जुईचा एक नेम होता. शेवग्याच्या पायथ्याशी देवाचा गोल दगड होता. श्रावणभर रोज एक तरी फूल त्याच्या माथ्यावर वाहायचं. लहान होती तेव्हा काही कठीण नव्हतं, फूल गळलं की सरळ देवावर. आता फुलं यायची ती उंच शेंड्याला, तीही मोजकीच, आणि वारा ती कुठच्या कुठे नेऊन टाकायचा. गेल्या श्रावणात एकही फूल देवापर्यंत पोचलं नाही. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

शेजारच्या संक्रांतवेलीपाशी तिने एकदा मन मोकळं केलं, की खेकड्याला बोलावून कापून घ्यावं असं वाटतं. संक्रांतवेल म्हणाली, देव भावाचा भुकेला, पान वाहिलं तरी पावतो. शेवगा धडधाकट उभा असताना असलं अभद्र मनात तरी कसं येतं तुझ्या? जुईलाही आपली लांबी प्यारी होतीच. या पेरावर पहिली कळी आलेली, त्या वळणावर वादळात शेवग्याला घट्ट धरलेलं. कापायचं म्हणजे तेही जायचं.

शेवटी शेवग्यानेच विषय काढला.

"मला तू जड होत नाहीस," तो म्हणाला. "तुला होतंय का?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"होतंय," ती म्हणाली. "शेंड्यापर्यंत पाणी चढवता चढवता जीव मेटाकुटीला येतो. पण लोक तुम्हाला नावं ठेवतील, अहो."

"ठेवू देत. ठिसूळ म्हणतातच, अजून काय म्हणणार?"

माघात मुंग्यांकरवी खेकड्याला निरोप गेला. सकाळी खेकडा शेवग्याच्या दिशेने तिरका तिरका चालताना दिसला मात्र, साऱ्या वेलींनी काय ते ओळखलं. संक्रांतवेलीने आपल्या केशरी फुलांचा सडा घालून हुंदका दिला. बिचारा किती सरळ होता, मागेल त्याला शेंगा दिल्या, कधी नाही म्हटलं नाही, असं सगळीकडून सुरू झालं. शेवग्याने जरा वेळ ऐकून घेतलं, मग घसा खाकरला.

"मी आहे अजून, बायांनो."

त्या धाकधुकीतही जुईला हसू आलं.

खेकडा मात्र घाबरला होता. "उभ्या झाडाच्या वेलीला माझी नांगी कधी लागली नाही, ताई. कुठपर्यंत कापू?"

जुईने देवाच्या दगडाकडे पाहिलं. "वीतभर नको. यांची पहिली फांदी फुटते ना, तिथपर्यंत राहू द्या."

नांगी मिटली. जुन्या वर्षांचा भारा सळसळत खाली आला तेव्हा जुई रडली. आणि उघड्या पेरांना गार वारा लागला तेव्हा गप्प झाली.

खेकडा रिवाजाप्रमाणे तिथून बांधापलीकडे गेला. तिकडे मधुमालती होती. तिच्या आधाराचं मोठं भेंडीचं झाड नऊ वर्षांपूर्वी पडलं होतं. दरवर्षी ती मुकाट्याने मान खाली घाली. यंदा तिने सगळं पाहिलं होतं.

"थांबा, दादा," ती म्हणाली. "जुईला विचारलंत, कुठपर्यंत म्हणून. मला नऊ वर्षांत विचारलं नाहीत."

खेकड्याने उचललेली नांगी खाली घेतली. मग विचारलं.

"वाढू द्या," मधुमालती म्हणाली.

तो नांगी मिटून, आला तसा तिरका, ओढ्याकडे निघून गेला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी जुईच्या पेरापेरावर कळ्या उमलल्या. उजाडता उजाडता एक फूल गळलं ते सरळ देवाच्या माथ्यावर. तिथे आधीच एक फूल होतं, लांब देठाचं, लालबुंद. हे कुणाचं, म्हणून जुईने वळून पाहिलं. पडलेल्या भेंडीच्या ओंडक्यावरून, बांधावरून, मधुमालतीची वेणी थेट देवापर्यंत सुटली होती.